बोंड कुणाचे, वाईन कुणाची?

(मिरजोळे, जि. रत्नागिरी येथे बागायतदार व कामगारांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



काजूचे झाड एकाच देठावर दोन वस्तू देते. एक बी आणि दुसरे बोंड. बी बाजारात जाते, बोंड झाडाखाली कुजते. बोंडाचे वजन बीच्या साधारणतः सहा ते दहा पट असते. म्हणजे कोकणातला शेतकरी एक पोते बी घरी नेतो तेव्हा सहा ते दहा पोत्यांइतके फळ तो मातीत टाकून येतो. या फळात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. रस भरपूर असतो. मात्र ते नाजूक असते. झाडावरून पडल्यानंतर एक-दोन दिवसांत ते आंबते आणि मुंबईच्या बाजारापर्यंत टिकत नाही. गुरे खातील तेवढी खातात, उरलेल्यावर माश्या घोंघावतात. मार्च ते मे या तीन महिन्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या बागांतून हेच दृश्य दरवर्षी दिसते.

या बोंडाकडे आता अनेकांचे लक्ष गेले आहे. नाशिकला द्राक्षांची वाईन झाली, वाईन पाहायला आणि प्यायला पर्यटक आले, पर्यटकांमागून हॉटेले आली. मग कोकणात बोंडाची, जांभळाची, करवंदाची, कोकमाची वाईन का होऊ नये? तिच्या जोडीला समुद्र आहे, हापूस आहे, माशाचे कालवण आहे. असा प्रश्न हॉटेलवाले विचारतात, मंत्री विचारतात आणि मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा, गावी वीस-पंचवीस काजूची झाडे असणारा तरुणही विचारतो. पहिल्या दोघांच्या प्रश्नामागे नफा आणि महसूल आहे. तिसऱ्याच्या प्रश्नामागे पोट आहे. म्हणून या प्रश्नाला नाक मुरडून चालणार नाही आणि टाळ्या वाजवूनही चालणार नाही. बोंडाची वाईन करावी की नाही, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की बोंड कुणाचे आहे, आणि त्याची वाईन झाल्यावर ती कुणाची राहणार आहे?

ही झाडे कुणी लावली?

काजू पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात ब्राझीलमधून गोव्यात आला आणि तेथून कोकणभर पसरला, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु आज रत्नागिरी जिल्ह्यातील कातळाच्या उतारांवर ज्या बागा दिसतात, त्यांचा इतिहास इतका जुना नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खेड्यातील माणसाने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे, असा कायदेशीर हक्क देणारा हा देशातील पहिला कायदा. दुष्काळातील खडी फोडण्याच्या कामांपासून सुरू झालेली ही योजना १९९० पासून फळबाग लागवडीशी जोडली गेली. खड्डे खणण्यापासून कलमे जगविण्यापर्यंतच्या मजुरीचा भार सरकारने उचलला. कोकणातील वरकस जमिनीवर, जेथे नाचणी-वरीपलीकडे काही होत नव्हते, तेथे हापूस आणि काजूची कलमे उभी राहिली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवडलेल्या जाती आणि १९७२ साली दापोलीस स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचे मार्गदर्शन यांचा त्यात मोठा वाटा होता.

याचा अर्थ असा की या बागांत शेतकऱ्याचा घाम आहे, मजुराची मजुरी आहे, आणि ती मजुरी ज्या तिजोरीतून आली तिच्यात मुंबईच्या गिरणगावापासून मेळघाटापर्यंतच्या करदात्याचा पैसा आहे. काजूची बाग ही कोणा उद्योगपतीच्या दूरदृष्टीचे फळ नाही.

या जमिनी कसणाऱ्याच्या नावावर आल्या त्याही सहज आल्या नाहीत. खोताच्या घरी वेठ करणाऱ्या कुळांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. ज्या जमिनीचा सातबारा मिळवायला दोन पिढ्या झिजल्या, त्या जमिनीवरच्या फळाचे काय करायचे हे ठरविण्याचा अधिकार त्याच कुटुंबांचा असला पाहिजे.

आबकारीचा जुना धडा

फळाच्या रसावर मालकी कुणाची, हा वाद कोकणाला नवा नाही. भंडारी समाज पिढ्यान्‌पिढ्या माडाची माडी काढीत असे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने इंग्रज सरकारने झाडावर कर बसविला, परवाने मक्तेदारांकडे दिले आणि गावच्या व्यवसायाचे रूपांतर सरकारच्या उत्पन्नात केले. ज्याला मक्ता मिळाला तो शेठ झाला. ज्याच्या हाती कोयता आणि कमरेला मडके होते, तो एके दिवशी गुन्हेगार ठरला. पोटासाठी हजारो भंडाऱ्यांनी मुंबई गाठली. रत्नागिरीचे पतितपावन मंदिर १९३१ मध्ये बांधून देणारे भागोजीशेठ कीर याच समाजातले. त्यांनी मुंबईत नाव कमावले, परंतु असे भागोजीशेठ समाजात किती झाले? बाकीच्यांच्या वाट्याला चाळीची खोली आली.

स्वातंत्र्यलढ्याने दारूबंदीचा पुरस्कार केला, त्यामागे नैतिक आग्रह होता तसा अर्थविचारही होता. परकीय सरकार प्रजेच्या व्यसनावर खजिना भरते, ही त्या चळवळीची तक्रार होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. पुढे परवान्यांच्या वाटेने तो इतका सैल झाला की कायद्याचे नाव दारूबंदी राहिले आणि राज्य उत्पादन शुल्क हा सरकारच्या उत्पन्नाचा भरवशाचा झरा झाला. इंग्रजांवर केलेली तक्रार आता स्वकीयांवर करावी लागते, इतकाच फरक.

तेरेखोलच्या खाडीपलीकडे मात्र वेगळे चित्र होते. गोव्यात बोंडे कोळमीत तुडवून निरो काढतात, तो आंबवतात, भट्टीवर पहिल्या उकळीचा हुर्राक आणि दुसऱ्या उकळीची फेणी काढतात. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. एकाच वाऱ्यापावसावर वाढलेले बोंड खाडीच्या एका काठावर वारसा ठरते आणि दुसऱ्या काठावर त्याचा रस आंबविला तर दारात पोलीस येतो, हा विचित्र न्याय सिंधुदुर्गातील शेतकऱ्याने वर्षानुवर्षे पाहिला आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजूबोंड आणि मोहफुलांपासून होणाऱ्या मद्याला विदेशी मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय केला. गावच्या फळाला मान मिळण्यासाठी त्याने 'विदेशी' व्हावे लागते, यातच धोरणाचा रोख कळतो. जो वर्ग बदलला तो बाटलीचा. बोंड वेचणाऱ्या बाईचा वर्ग होता तेथेच आहे.

नाशिकने काय दाखविले?

नाशिकचे उदाहरण सतत दिले जाते म्हणून ते नीट पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील आधुनिक वाईनचा आरंभ नाशिकला झाला नाही, १९८० च्या दशकात नारायणगावला झाला. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसणारी वाईन तयार केली आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशी पाठविली. राजीव सामंत यांची सुला कंपनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात उभी राहिली आणि २००० साली तिची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सवलत, विक्रीकराचा परतावा, विंचूर आणि पलूस येथे औद्योगिक विकास महामंडळाची वाईन उद्याने, असा सरकारी हात या धंद्याच्या पाठीशी राहिला. २००५ मध्ये सुलाने द्राक्षमळ्यातच चव घेण्याचे दालन उघडले, २००८ पासून संगीत महोत्सव भरविला, आणि वाईन पर्यटन हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला. डिसेंबर २०२२ मध्ये या कंपनीचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले.

यातील चांगले ते मान्य केले पाहिजे. मळ्याला लागून असलेल्या गावांतील काही तरुणांना पगाराची नोकरी मिळाली. स्वयंपाकघरात, गाडी चालविण्यात, पाहुण्यांना मळा दाखविण्यात रोजगार निर्माण झाला. मद्याविषयीची चोरटी, गुत्त्याची संस्कृती सोडून लोक उजेडात, कुटुंबासह, जेवणाबरोबर थोडी वाईन घेऊ लागले. वाईनच्या द्राक्षाला खाण्याच्या द्राक्षापेक्षा पाणी आणि औषधफवारणी कमी लागते, हेही खरे.

परंतु दुसरी बाजू आहे. २००८ च्या जागतिक मंदीनंतर आणि मुंबईवरील २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर हॉटेले ओस पडली, वाईनची मागणी आटली. कारखान्यांनी द्राक्षे उचलली नाहीत. वाईनचे द्राक्ष खाण्याच्या बाजारात चालत नाही, बेदाण्याला फारसे उपयोगी पडत नाही. कर्ज काढून वेली लावलेल्या शेतकऱ्यांनी त्या पुढील हंगामात कुऱ्हाडीने तोडल्या. नारायणगावची ती जुनी कंपनीही कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. मंदीचा पहिला आघात बाटलीवर झाला, पण शेवटचा आणि सर्वांत खोल आघात वेलीवर झाला. कारखान्याजवळ टाकी होती, तो वाईन साठवू शकत होता. शेतकऱ्याजवळ झाडावर पिकलेले द्राक्ष होते आणि ते थांबू शकत नव्हते.

शिवाय या मळ्यांत छाटणीला आणि तोडणीला येणारे हात कुणाचे? पेठ, सुरगाणा, दिंडोरी या तालुक्यांतील आदिवासींचे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत तळपायांना फोड येईतो चालत गेलेल्या मोर्चात हेच लोक होते. ते कसत असलेल्या वनजमिनीचा सातबारा मागत होते. मळ्यात येणारा पर्यटक वेलींचे छायाचित्र घेतो, त्या वेलीखाली वाकलेल्या बाईची मजुरी किती हे त्याला ठाऊक नसते. अशा पर्यटनाला शाश्वत म्हणणे म्हणजे शब्दाची विटंबना होय.

फ्रान्समधील एक जुने गाव

वाईनच्या देशांकडे बोट दाखवायचे तर त्या देशांचा पुरा इतिहास वाचावा. फ्रान्सच्या दक्षिणेत लांगडॉक नावाचा प्रांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे वाईनचे भाव कोसळले. व्यापारी साखर घालून, पाणी मिसळून खोटी वाईन विकत होते आणि खऱ्या द्राक्षाला गिऱ्हाईक नव्हते. १९०७ साली लाखो शेतकरी आणि मळ्यांतील मजूर रस्त्यावर आले. क्लेमांसोच्या सरकारने सैन्य पाठविले, नारबोन शहरात गोळीबार होऊन माणसे मेली. तेव्हा सतराव्या पायदळ पलटणीच्या सैनिकांनी बंड केले, कारण ते त्याच शेतकऱ्यांची मुले होते. अखेर सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. १९११ मध्ये शॅम्पेन प्रांतातही दंगे झाले. व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षे आणून त्या प्रांताच्या नावाने विकत होते, हे कारण. प्रदेशाच्या नावाचे जे संरक्षण आज जगभर गाजते, त्याच्या मुळाशी शेतकऱ्यांचा असा संताप आहे.

याच लांगडॉकमध्ये मारोसां नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील गरीब द्राक्षकऱ्यांनी १९०१ साली 'मुक्त द्राक्षकरी' या अर्थाच्या नावाने सहकारी संस्था काढली. पुढे त्यांनी स्वतःचे सामुदायिक तळघर बांधले आणि वाईन व्यापाऱ्याला न देता थेट पॅरिसमधील कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थांना विकली. फ्रेंच समाजवाद्यांचे नेते जाँ जोरेस १९०५ मध्ये त्या गावी मुद्दाम गेले. द्राक्षकरी आणि कामगार यांच्यामधला दलाल दूर झाला तर काय घडू शकते, याचा तो नमुना होता. पुढे त्या प्रांतात गावोगाव अशी सहकारी तळघरे उभी राहिली. एकट्या छोट्या शेतकऱ्याला न परवडणारी टाकी गावाने मिळून बांधली, एवढेच त्यामागचे रहस्य. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला हे सांगण्याची गरज पडू नये. पण त्याच महाराष्ट्रात सहकारी कारखाने संचालकांच्या घरची जहागीर कसे झाले हेही सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा सहकाराचे नाव घेताच प्रश्न सुटला, असे समजण्याचे कारण नाही. सभासद बोंड घालणारा असावा, मत देणारा असावा आणि हिशेब मागणाराही असावा.

ताटात काय वाढणार?

आता पर्यटनाचा विचार. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली. नाथ पै यांनी ज्या स्वप्नाचा पाठपुरावा केला, मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्याला आकार दिला, ते स्वप्न चाकरमान्याला गावी आणण्यासाठी आणि गावच्या माणसाला गावातच काम मिळण्यासाठी होते. गाडी आली, पर्यटकही आला. तो जेवतो काय? रत्नागिरीच्या अनेक हॉटेलांत त्याला पनीर मसाला आणि नूडल्स मिळतात. कुळथाची पिठी, आंबोळी, फणसाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, तिसऱ्यांचे कालवण, सांदण आणि ताजी सोलकढी यांसाठी त्याला कोणाच्या तरी घरी ओळख काढावी लागते.

खरे पर्यटन येथून सुरू होते. ओले काजूगर सोलताना बाईच्या बोटांची कातडी चिकाने जळते. त्या उसळीची किंमत हॉटेलच्या पत्रकावर छापलेली असते, तिच्यातील किती पैसे त्या बोटांपर्यंत पोहोचतात? मिरकरवाड्याच्या बंदरावर मासा उतरतो आणि मिरजोळ्याच्या औद्योगिक क्षेत्रात त्यावर प्रक्रिया होऊन तो परदेशी जातो. मासे निवडणाऱ्या, सोलणाऱ्या बाया आसपासच्या गावांतील. बोंड वेचणारी, काजूगर सोलणारी आणि मासा निवडणारी बाई बहुधा एकाच घरातील असते. तिला शेतकरी म्हणून सातबाऱ्यावर नाव नाही आणि कामगार म्हणून कायम नोकरी नाही. कोकणातील स्थानिक अन्नाची परंपरा तिने टिकविली. त्या परंपरेचा व्यापार सुरू झाला की तिने भांडी घासायची आणि गल्ल्यावर दुसऱ्याने बसायचे, असे होता कामा नये.

इटलीने १९८५ साली शेतीपर्यटनाचा स्वतंत्र कायदा केला. त्यामागील तत्त्व साधे आहे. पाहुणा ठेवणारा आधी शेतकरी असला पाहिजे, शेती हा त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पर्यटन ही तिची जोड असली पाहिजे. पाहुण्याच्या पुढ्यात वाढलेल्या अन्नाचा मोठा भाग त्या शेतातला वा त्या भागातला असला पाहिजे. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आखले. त्याचा लाभ कसणाऱ्या कुटुंबाला होणार की शेताचा एक तुकडा घेऊन त्यावर तरणतलाव बांधणाऱ्या मुंबईकराला, हे नियमांच्या काटेकोरपणावर अवलंबून राहील.

पाणी आणि जमीन

रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यातील वाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. जांभा कातळ पाणी धरून ठेवत नाही. बोंडाचा हंगाम नेमका याच महिन्यांतला, आणि पर्यटकांचा हंगामही तोच. बोंडे धुवायला, टाक्या स्वच्छ करायला पाणी लागणार, तरणतलावाला लागणार, खोलीतल्या न्हाणीघराला लागणार. गावच्या विहिरीवर हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईचा क्रमांक या रांगेत कितवा? ज्या उद्योगाचे पाण्याचे गणित वैशाख महिन्यात सुटत नाही, तो उद्योग कितीही हिरव्या कागदावर छापला तरी शाश्वत नव्हे. पावसाचे पाणी साठविण्याची स्वतःची सोय असल्याखेरीज कोणत्याही निवासाला अथवा कारखान्याला परवानगी मिळू नये. चोथ्याचे खत वा पशुखाद्य झाले पाहिजे, ते आंबट पाणी पऱ्ह्यात सोडता कामा नये.

जमिनीचा प्रश्न याहून गंभीर आहे. रस्ता रुंद होतो, पर्यटनाची घोषणा होते आणि त्यामागून दलाल येतो. भावकीत वाटण्या झालेली, सामाईक सातबाऱ्यावर अडकलेली जमीन मुंबईतील वारसांच्या सह्या घेऊन विकली जाते. पाच-दहा वर्षांनी त्या जमिनीवर बंगला उभा राहतो आणि विकणाऱ्याचा मुलगा तेथे रखवालदार म्हणून लागतो. असा विकास कोकणाने पुष्कळ पाहिला आहे.

आणि कोकणाने नकार देण्याचे सामर्थ्यही दाखविले आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्टरलाइट कंपनीचा तांबे गाळण्याचा कारखाना रत्नागिरीच्या औद्योगिक क्षेत्रात येत होता. आंबा बागायतदार आणि सर्वसामान्य नागरिक यांनी १९९३ मध्ये तो थांबविला. तो तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला आणि तेथे २२ मे २०१८ रोजी प्रदूषणाविरुद्ध मोर्चा काढणाऱ्यांवर झालेल्या गोळीबारात तेरा माणसे मेली. ज्यांनी १९९३ साली रत्नागिरीच्या लोकांना विकासाचे शत्रू म्हटले होते, त्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून वाचाव्यात. परंतु विनाशकारी उद्योगाला नाही म्हणणाऱ्यांवर एक जबाबदारी येते. मग काय हवे, हे त्यांना सांगावे लागते. फळप्रक्रिया, मासळी, शेतीशी जोडलेले पर्यटन हेच उत्तर आजवर दिले गेले. ते उत्तर प्रत्यक्षात उतरविण्याची वेळ आता आली आहे.

बायांचा आक्षेप

वाईन म्हणताच गावातील बायांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी मागासलेपणाची नाही, अनुभवाची आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विक्रीस ठेवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे असे समर्थन करण्यात आले. शेतकऱ्याच्या हिताचे कारण पुढे केले गेले. विरोध झाला आणि तो निर्णय अमलात आला नाही. शेतकऱ्याचे हित हे दुकानाच्या फळीवर ठरत नाही, फळाला मिळणाऱ्या भावावर ठरते, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूलाच राहिली. गडचिरोलीच्या लोकांनी चळवळ करून १९९३ मध्ये जिल्हाव्यापी दारूबंदी मिळविली. मतदान घेऊन गावातील दुकान बंद पाडण्याचा हक्क महाराष्ट्रातील स्त्रियांनी लढून घेतला आहे. 'आडवी बाटली' या शब्दांमागे किती घरांचे अश्रू आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याने वाईन धोरणावर बोलू नये.

म्हणून दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. बोंडाचा पहिला उपयोग रस, सरबत आणि मुरंबा यांचा असावा. त्याचा तुरटपणा साबुदाण्याची खळ किंवा तांदळाची पेज घालून काढता येतो, त्यासाठी परदेशी यंत्राची वाट पाहावी लागत नाही. कोकम सरबताने जशी घराघरांत जागा मिळविली तशी बोंडाचे सरबत मिळवू शकेल, आणि ते शाळकरी मूलही पिऊ शकेल. उरलेल्या बोंडाची वाईन व्हावी. ती मळ्यावर, जेवणासोबत, मोजकी दिली जावी. मात्र गावात तिचे दुकान नसावे, आणि ग्रामसभेतील स्त्रियांनी नाही म्हटले तर तेथे परवाना मिळू नये. आक्षेप घेणाऱ्या बाईला प्रगतीची शत्रू ठरवून उभारलेला कोणताही धंदा समाजवाद्यांच्या पाठिंब्यास पात्र नाही.

मागणी कोणती?

२०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने कोकणासाठी काजू फळ विकास योजना आणि काजू मंडळ जाहीर केले. आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या काजूमुळे भाव पडले, तेव्हा २०२४ मध्ये बीसाठी किलोमागे दहा रुपयांचे अनुदान देण्यात आले. अनुदान ही मलमपट्टी झाली. झाडावरचे अर्ध्याहून अधिक फळ कुजत असताना बीच्या भावावर दहा रुपये चढविणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय.

मागण्या थोड्या आहेत. बोंडाला हंगामाच्या आधी किमान भाव जाहीर व्हावा आणि तो न देणाऱ्या कारखान्यास परवाना नसावा. दहा-पंधरा गावांमागे एक सामुदायिक रसकेंद्र असावे, त्याची मालकी बोंड उत्पादकांच्या व वेचणाऱ्या स्त्रियांच्या संस्थेकडे असावी, आणि काजू मंडळाचे भांडवल प्रथम तेथे जावे. छोट्या संस्थेला पेलेल असा परवाना आणि पेलेल असे शुल्क ठेवावे. मोठ्या कंपनीच्या मापाने बेतलेला परवाना म्हणजे १८७८ चा मक्ताच होय. वेंगुर्ल्याच्या काजूला, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला आणि कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाखाली बाहेरचे फळ विकले जाऊ नये यासाठी तपासणीचा अधिकार उत्पादकांच्या संघाला असावा. निवास आणि भोजनाचे परवाने कसणाऱ्या कुटुंबांना व बचत गटांना अग्रक्रमाने मिळावेत, आणि तेथे काम करणाऱ्यांना किमान वेतन कागदावर नव्हे, हातात मिळावे.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. मारोसांच्या शेतकऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी यातील बऱ्याच गोष्टी स्वतःच्या बळावर केल्या. मिरजोळे आणि भोवतालच्या गावांत एका बाजूला औद्योगिक वसाहतीचा कामगार आहे आणि दुसऱ्या बाजूला बागायतदार. अनेकदा ती दोन्ही कामे एकाच माणसाच्या अंगावर असतात. ग्राहक आणि उत्पादक यांची अशी सांगड फार थोड्या ठिकाणी आयती मिळते. कारखान्यातील कामगारांच्या संघटनेने आणि बागायतदारांच्या संस्थेने एकत्र बसून येत्या हंगामापूर्वी पहिल्या रसकेंद्राची आखणी केली, तर मंत्र्यांच्या उद्‌घाटनाची वाट पाहण्याचे कारण राहणार नाही. तसे घडले नाही तरी बोंडाचा धंदा थांबणार नाही, तो होईलच. फरक इतकाच की त्या वेळी बोंड वेचणारी बाई रोजाने येईल, बाटलीवर कोकणाच्या समुद्राचे चित्र असेल, आणि कोकणाच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या उरतील.